सागाचं भाडं आणि गादीचा तनखा

सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आठवीचा इतिहासाचा तास चालला होता आणि मी मागे बसून ऐकत होतो. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, ‘१९७१ : संस्थानिकांचे तनखे बंद.’ खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून हात वर आला. “सर, राजे संपले म्हणता. मग माझा आजा होळीच्या आधी दरबाराला जातो, तो कोणत्या राजाच्या?”

वर्गात कोणी हसलं नाही. या भागातल्या कितीतरी घरांतून माणसं त्या दरबाराला जातात, चार दिवसांचा बाजार करतात, पावरीच्या सुरावर नाचून परत येतात. गुरुजी क्षणभर थांबले. “तो डांगातला दरबार. ते वेगळं,” म्हणाले. वेगळं कसं, हे सांगायच्या आत घंटा झाली.

मुलाचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. सुरगाण्याच्या उत्तरेला लागून गुजरातचा डांग जिल्हा आहे. त्याच्या मुख्य गावी, आहव्याला, दरवर्षी होळीच्या आधी डांग दरबार भरतो. गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा आणि पिंपरी या पाच ठिकाणचे भिल्ल राजे सजवलेल्या बग्ग्यांतून मिरवत येतात. पुढे ढोल, पावरी आणि नाचणाऱ्यांचे ताफे असतात. मंडपात पानसुपारी देऊन त्यांचा मान होतो आणि सरकारकडून वर्षाचा सालियाणा त्यांच्या हाती दिला जातो. त्यांच्याबरोबर नऊ नाईक आणि भाऊबंदही असतात. म्हैसूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या महाराजांचे तनखे ज्या कायद्यानं एका फटक्यात थांबले, तो कायदा या पाच जणांपर्यंत कसा आला नाही?

यातच दुसरं एक कोडं दडलेलं आहे. खुद्द सुरगाणा हे इंग्रजांनी रीतसर मान्य केलेलं संस्थान होतं. क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस मैल, आणि १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेअकरा हजारांच्या आसपास. नाशिकचे कलेक्टरच या संस्थानाचे पोलिटिकल एजंट असत. मग ज्यांच्याकडे पक्कं संस्थान होतं त्यांची सत्ता १९४८ मध्ये विलीन झाली आणि ती गोष्ट तिथेच मिटली. शेजारच्या रानातल्या, त्यांच्याहून कितीतरी लहान मुलखाच्या राजांना मात्र अजून सरकारी बोलावणं येतं. असं का?

हे समजून घ्यायला आधी डोंगर पाहावा लागतो, मग झाड, आणि सगळ्यात शेवटी कागद.

पाणी जिकडे उतरतं तिकडे

नाशिकहून दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याकडे निघालं की बोरगाव मागे पडतं आणि हातगडचा किल्ला दिसायला लागतो. हिवाळ्यात या रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे खोके मांडून बायका बसलेल्या असतात. हातगडावर चढून पश्चिमेकडे पाहिलं की सगळा उलगडा नजरेसमोर येतो. घाटमाथ्याची धार तुमच्या पायाशी आहे आणि तिथून डोंगरांच्या सोंडा एकापाठोपाठ एक खाली गुजरातच्या सपाटीकडे उतरत गेल्या आहेत. नार, पार, तान, मान या नद्या सुरगाण्याच्या डोंगरात उगम पावतात आणि पश्चिमेला वाहून गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळतात. तालुका नाशिकचा, पण त्याचं बरंचसं पाणी गोदावरीकडे पाठ फिरवून वाहतं. जिकडे पाणी उतरतं तिकडेच बैलगाडी उतरते आणि तिकडेच बाजारही भरतो. म्हणून इथल्या माणसाला वासदा, धरमपूर, वलसाड ही नावं नाशिकइतकीच जवळची.

अशा मुलखावर राज्य करणं हा कोणत्याही बादशहाला तोट्याचा धंदा होता. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद. नंतर हिवतापाची साथ. सपाटीवरचा शिपाई इथे आला की लढाईत मरण्याआधी तापानं झोपत असे. आणि एवढं करून वसूल काय करायचं? इथली शेती म्हणजे उतारावरचा झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नागली, वरई पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जमिनीचा कस उतरला की दुसरीकडे जायचं. महसुलाची सगळी गाडी एका गृहीतावर चालते, ते म्हणजे शेत जागेवर राहतं. ज्या शेताचा बांध दर दोन वर्षांनी उठून दुसऱ्या टेकडीवर जातो त्याचा सातबारा लिहायचा कसा?

म्हणून मुसलमानी अमलात इथल्या सरदारांना जवळजवळ मोकळं सोडलेलं होतं. अट एवढीच की आपल्या माणसांना सपाटीवरची गावं लुटू द्यायची नाहीत आणि गरज पडली तर हत्यारबंद माणसं घेऊन चाकरीला यायचं. सुरगाण्याचे देशमुख स्वतःला मूळचे पवार म्हणवतात. घराण्याची परंपरा अशी की पूर्वज आपला मुलूख सोडून हातगडाच्या आसऱ्याला आले आणि इथल्याच लोकांत मिसळून राहिले.

या डोंगरांची किंमत सपाटीवरच्या राजांना कळायची ती वाटांमुळे. सुरतेचा माल दख्खनेत यायचा तर याच डोंगररांगांतले घाट ओलांडावे लागत. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतले तेही बागलाणच्या अंगानं, आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखानाच्या मोगली फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. शाळेच्या पुस्तकात सुरत असते आणि दिंडोरी असते. मधल्या डोंगरात राहणारी माणसं नसतात. त्यांच्याच मुलखातून, त्यांनाच ठाऊक असलेल्या वाटांनी हा सगळा इतिहास ये-जा करत होता.

घास मागणारे डोंगर

डोंगरातल्या सरदारांची मिळकत कुठून येई? थोडी आपल्या रानातून, आणि बरीचशी सपाटीवरून. ‘गिरास’ हा शब्द इथे समजून घ्यायला हवा. ग्रास म्हणजे घास. डोंगराच्या पायथ्याची गावं दरवर्षी पिकातला एक घास, म्हणजे ठरलेली रक्कम किंवा धान्य, डोंगरातल्या राजाला पोचवत. पोचवलं तर गाव सुरक्षित. चुकवलं तर धाड.

सपाटीवरच्या कारकुनाला ही सरळ खंडणी वाटे. डोंगरातल्या राजाला तो आपला वतनी हक्क वाटे, कारण त्याच्या मते त्या गावांवरचा त्याचा हक्क कधी संपलेलाच नव्हता. मला वाटतं, दोघांनाही खोटं म्हणता येत नाही. आपल्याकडे गावच्या जत्रेत पहिला मान कोणाचा यावरून दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या अडून बसतात. मानाच्या विड्याचं पान दोन पैशांचं असतं, भांडण मात्र पानासाठी नसतं. गिरासमध्ये पैसा होता, आणि त्याहून जास्त काही होतं. सपाटीवरचं गाव दरवर्षी त्या पैशांतून कबूल करत होतं की डोंगरातही एक सत्ता आहे.

इंग्रज आले तेव्हा त्यांना ही ‘दोन ठिकाणी सत्ता’ मुळीच चालण्यासारखी नव्हती.

न झालेला हल्ला

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नाशिक-खानदेशचा मुलूख इंग्रजांकडे आला. सुरगाण्याच्या देशमुखांना नव्या सरकारचा हुकूम गेला. पुढे जे घडलं ते या भागाच्या इतिहासातलं सगळ्यात बोचरं पान आहे. इंग्रजांच्या एका तुकडीवर सुरगाणकरांनी हल्ला केला अशी बातमी पोचली. लगेच फौज पाठवली गेली. सुरगाण्याच्या सरदाराला पकडलं आणि बंडखोर म्हणून फासावर दिलं. त्याचा चुलतभाऊ थोडक्यात वाचला.

तो हल्ला मुळात झालाच नव्हता. ही काही लोकांत फिरणारी दंतकथा नव्हे. इंग्रजांच्या स्वतःच्या गॅझेटियरनं पुढे तो हल्ला ‘काल्पनिक’ होता असं लिहून ठेवलं आहे. १८२० मध्ये सुरगाण्याला स्वतंत्र संस्थान म्हणून मान्यता दिली आणि फाशी दिलेल्या सरदाराच्या कुटुंबाला काही रक्कमही दिली.

म्हणजे सुरगाणा संस्थानाच्या मान्यतेच्या मुळाशी एक चुकीची फाशी आहे. नवं सरकार डोंगरात आपला धाक बसवू पाहत होतं, डोंगरातून खात्रीची बातमी मिळायची सोय नव्हती, आणि अफवेची शहानिशा करायच्या आधी फौज निघाली. नंतर लक्षात आलं की इथे स्वतः कारभार करण्यापेक्षा स्थानिक घराण्यालाच मान्यता देऊन वरून देखरेख ठेवणं स्वस्त आहे. ज्या कारणासाठी बादशहांनी डोंगराला मोकळं सोडलं होतं, त्याच कारणासाठी कंपनीनंही सोडलं. फरक एवढाच की या वेळी गोष्ट कागदावर आली. आणि प्रत्येक शेजाऱ्याशी झालेला कागद वेगळा निघाला.

चौकट : शेजारी चार, कागद चार

*सुरगाणा* : १८२० मध्ये संस्थान म्हणून मान्यता. तोफांच्या सलामीचा मान नाही. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन, पुढे नाशिक जिल्ह्याचा तालुका.

*पेठ* : दक्षिणेचा शेजारी. १८५७ च्या उठावात राजघराण्यातले भगवंतराव फासावर गेले. पुढे १८७८ मध्ये पेठच्या बेगम वारल्यावर संस्थान पूर्णपणे इंग्रजी मुलखात जमा.

*जव्हार* : महादेव कोळी समाजातलं मुकणे घराणं. नऊ तोफांच्या सलामीचं संस्थान. १९४८ मध्ये विलीन.

*डांग* : एक संस्थान कधीच नाही. अनेक लहान मुलखांचे राजे आणि नाईक. त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतलं ते जंगल, आणि तेही भाड्यानं.

जहाजाला हवं होतं झाड

डांग आणि सुरगाणा यांच्यामध्ये भिंत नाही. तोच पाऊस, तीच नागली, तेच डोंगरदेव. मग डांगासाठीच भाड्याचा कागद का? उत्तर एका झाडात आहे.

सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे त्यात पाणी सहज मुरत नाही आणि वाळवी, किडे त्याला तोंड लावायला धजत नाहीत. याहून मोठा गुण जहाज बांधणाऱ्यांना ठाऊक होता. इंग्लंडातली जहाजं ओक लाकडाची असत. ओकमधलं आम्ल लोखंडाच्या खिळ्यांना हळूहळू खातं, आणि खिळा गेला की फळी सुटते. सागाचं तेल उलट खिळ्याला सांभाळतं. घरात लोणच्याच्या बरणीला लोखंडी झाकण लावलं तर ते गंजून जातं, पण तेल चोपडलेली विळी पावसाळाभर नीट राहते, तसंच हे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजं बांधली. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला आले होते. याच गोदीत १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगतं आहे. ते मलबारच्या सागाचं. पण मलबारचं रान तोडून तोडून विरळ झालं तसं सरकारचं लक्ष मुंबईच्या उत्तरेकडच्या सागाकडे वळलं, आणि त्यात डांगाचा साग सगळ्यात नावाजलेला होता.

१८३० मध्ये जेम्स आउटराम फौज घेऊन डांगात शिरला. खानदेशात भिल्लांचीच पलटण उभी करणारा हा अधिकारी. लष्करी जोर दाखवून झाला, पण जिंकलेल्या डोंगरात राहून कारभार कोण करणार हा जुना प्रश्न होताच. मग सरकारनं डोंगराची मालकी घेण्याचा खटाटोप केला नाही. त्यांना झाड हवं होतं, त्यांनी झाडच घेतलं. १८४२ मध्ये डांगच्या राजांशी करार झाला : जंगलातला साग तोडायचा हक्क सरकारला, त्याबदल्यात राजांना दरसाल ठराविक रक्कम. १८६२ मध्ये पुन्हा नव्यानं पट्टा झाला.

सपाटीच्या गावांकडून येणारा गिरासही हळूहळू सरकारनं आपल्या हाती घेतला. गावांनी पैसे सरकारकडे भरायचे आणि सरकारनं ते राजांना द्यायचे, म्हणजे राजांना वसुलीला डोंगर उतरायचं कारणच उरणार नाही. आता इतक्या राजांना, नाईकांना, त्यांच्या भाऊबंदांना ही रक्कम वाटायची कशी? सगळ्यांना वर्षातून एकदा एका जागी बोलवायचं, रक्कम मोजून द्यायची, पागोटी-वस्त्रं द्यायची, तंटे असतील ते मिटवायचे. डांग दरबार जन्मला तो असा. आज आपल्याला तो सण दिसतो, मुळात तो पगारवाटपाचा दिवस होता.

मोगलाई आणि मंडिनी

भाड्यानं घेणाऱ्याची नजर नंतर बदलली. जहाजं लोखंडाची झाली, पण रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड लागत होतं. वन खातं उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून डांगाच्या रानात रेषा आखल्या जाऊ लागल्या : एवढं राखीव, एवढं गावाला. जिथे दरवर्षी झाडोरा जाळून नागली पेरली जात होती तिथे आता कुऱ्हाड लावली की दंड. भाडेकरूनं घरमालकाच्याच माजघराला कुलूप लावावं, तसं झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात डांगात पुन्हा पुन्हा उठाव झाले. लाकूड बाहेर काढायला गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद रुळांची गाडी आणली, १९१३ मध्ये.

इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या कथांवर मोठं काम केलं. डांगात कथेला ‘गोठ’ म्हणतात. त्या गोठींमध्ये काळाचे दोनच भाग आहेत. एक ‘मोगलाई’ आणि दुसरा ‘मंडिनी’. मंडिनी म्हणजे रेषा आल्या, मोजणी आली, कर आणि गार्ड आले तो काळ. आणि मोगलाई म्हणजे त्याआधीचा, मोकळ्या रानाचा काळ.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या शब्दापाशी थबकलो. आपण सपाटीवरची माणसं “मोगलाई लागून गेलीय का?” असं रागावून म्हणतो. आपल्या तोंडी मोगलाई म्हणजे अंदाधुंदी. घाट उतरून पन्नास कोस जायच्या आत तोच शब्द सुखाच्या दिवसांचं नाव होतो. एकाच शब्दाला दोन बाजूंनी धरून ओढणारे हे दोन अनुभव, दोन्ही खरे. ज्याच्या गोठ्यातला बैल लुटारूनं नेला त्याला कायद्याचं राज्य हवं होतं. ज्याच्या पेरणीची टेकडी कायद्यानं नेली त्याला ते नको होतं.

तनखा कशाचा, भाडं कशाचं

आता त्या मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली तेव्हा संस्थानिकांनी राज्य सोडलं. त्याबदल्यात त्यांच्या खासगी खर्चासाठी सरकारनं दरसाल काही रक्कम द्यायचं वचन दिलं. हाच तनखा. राज्यघटनेच्या कलम २९१ मध्ये त्याची हमी होती. रक्कम संस्थानाच्या उत्पन्नाच्या मानानं ठरली होती. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला २६ लाख रुपये, तर सौराष्ट्रातल्या काटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये.

१९७० मध्ये हे तनखे रद्द करणारं विधेयक राज्यसभेत अगदी निसटत्या फरकानं पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली गेली. त्याविरुद्ध माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी तो आदेश रद्द ठरला. अखेर डिसेंबर १९७१ मध्ये घटनेची २६ वी दुरुस्ती झाली. कलम २९१ वगळलं गेलं. संस्थानिक ही मान्यता संपली, तनखेही संपले.

या दुरुस्तीनं नेमकं काय बंद केलं हे बारकाईनं पाहायला हवं. राज्य सोडल्याबद्दल, राजा म्हणून मिळणारी रक्कम तिनं बंद केली. आपल्या गावातलं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात १९६२ मध्ये कायद्यानं मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद गेलं. त्या पदापोटी मिळणारं जे काही होतं ते थांबलं. पण समजा त्याच पाटलांनी आपली दोन एकर जमीन कोणाला खंडानं दिली होती. पाटिलकी गेली म्हणून तो खंड थांबेल का? खंड पाटलाला मिळत नव्हता, जमीन देणाऱ्याला मिळत होता.

डांगचा सालियाणा हा दुसऱ्या प्रकारातला. त्याची मुळं विलीनीकरणाच्या करारात नाहीत, त्याच्या शंभर वर्षं आधीच्या जंगलाच्या पट्ट्यात आहेत. कंपनी गेली, राणीचं सरकार आलं. ते गेलं, मुंबई सरकार आलं. ते गेलं, गुजरात सरकार आलं. भाडेकरू बदलत गेला, पण रान त्याच्याच ताब्यात राहिलं, म्हणून देणंही त्याच्याकडे चालत आलं.

सुरगाण्याची गोष्ट इथेच वेगळी होते. देशमुखांना १८२० मध्ये मान्यता मिळाली ती गादीची. गादी सोडल्यावर मागे राहण्यासारखा भाड्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. जव्हारचंही तेच, बडोद्याचंही तेच. मोठं संस्थान असणं इथे उपयोगी पडलं नाही. डांगचे राजे इतके लहान धरले गेले की त्यांच्याशी राज्याचा तह करण्यापेक्षा झाडांचा व्यवहार करणं इंग्रजांना सोपं वाटलं, आणि तो व्यवहार टिकला.

देशात अशी आणखी मोजकी उदाहरणं आहेत. अवधच्या नवाबांनी आणि बेगमांनी एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीला मोठमोठी कर्जं दिली. त्यांच्या व्याजातून वंशजांना कायमची रक्कम मिळावी अशी सोय होती, तिला ‘वसिका’ म्हणतात. लखनौमध्ये अजूनही वसिकेदार आपला वाटा घ्यायला येतात. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होऊन काहींच्या हाती फार थोडे रुपये पडतात, तरी ते येतात. मद्रासच्या अर्काटच्या घराण्याला १८७० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सनदेनं दिलेली पदवी आणि पेन्शनही १९७१ नंतर चालू राहिली. दोन्ही ठिकाणी कारण डांगासारखंच आहे. त्यांचा कागद संस्थानाच्या विलीनीकरणाचा नव्हता.

रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. डांग कोणाचा, यावर त्याआधी दहा वर्षं मोठा वाद चालला. डांगी बोली ऐकली तर वाद का झाला ते कळतं. तिच्यात मराठी, गुजराती आणि अहिराणी या तिन्हींच्या ओळखी सापडतात, आणि तिला स्वतःचं रूपही आहे. शेवटी डांग गुजरातला गेला, सुरगाणा महाराष्ट्रात राहिला. रेषा कित्येक ठिकाणी नात्यागोत्यांमधून गेली. मामाचं गाव गुजरातेत, काकाचं महाराष्ट्रात.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातल्या सीमेलगतच्या काही गावांनी मागणी केली की आम्हाला गुजरातला जोडा. कारणं साधी होती. पलीकडचा रस्ता बरा, वीज बरी, दवाखाना जवळ. पुण्या-मुंबईत ही बातमी अस्मितेची म्हणून वाचली गेली. हातगडावरून एकदा पाण्याची वाट पाहिलेल्या माणसाला ती तशी वाटणार नाही. आजारी माणसाला झोळीतून नेताना चढापेक्षा उतार जवळचा असतो.

तरी या डोंगरातला सगळ्यात जुना वाद राज्याच्या रेषेचा नाहीच. तो मंडिनीच्या रेषेचा आहे, आणि तो राज्याच्या रेषेच्या दोन्हीकडे सारखाच चालू आहे. रान कोणाचं? डांगात निदान राजांकडे एक पट्टा होता. टेकडीवर नागली पेरणाऱ्या साध्या माणसाकडे, इकडे किंवा तिकडे, कोणताच कागद नव्हता. २००६ च्या वन हक्क कायद्यानं पहिल्यांदा म्हटलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असल्याचं दाखवलंत तर चार हेक्टरांपर्यंत तिच्यावर तुमचा हक्क मान्य होईल. पण दाखवायचं कसं? सातबारा नाही, फेरफार नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला किसान सभेचा मोर्चा निघाला. ६ तारखेला निघालेली माणसं १२ तारखेला मुंबईत पोचली. त्यात सुरगाण्याचे आदिवासी शेतकरी फार मोठ्या संख्येनं होते, आणि त्यांच्या मागण्यांत वनपट्ट्यांची मागणी ठळक होती. तळपायाचं कातडं सोलून निघालेले त्यांचे फोटो तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

त्याच आश्रमशाळेच्या मुलाच्या घरी मी संध्याकाळी गेलो होतो. आजानं पत्र्याची पेटी उघडली. आत एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी आणि त्यात घडीवर घडी घातलेले पिवळे कागद. जंगलात नांगर धरला म्हणून वन खात्यानं वेळोवेळी केलेल्या दंडाच्या पावत्या. त्यातली एक त्यांच्या वडिलांच्या नावाची होती, शाई फिकी पडलेली, पण साल आणि जागेचं नाव वाचता येत होतं. “तवा लई राग आला व्हता,” आजा म्हणाले. “आता दाव्याला हीच लावलीय. आम्ही तिथंच व्हतो, असं सरकारनंच लिहून दिलंय.”

त्यांनी पावत्या पुन्हा तशाच दोन पिशव्यांत घातल्या आणि पेटीला कडी लावली. बाहेर नातू विचारत होता, औंदा दरबाराला मला नेशील का म्हणून.